क्वांटमचा हिशेब हातानं मांडावा

बेटा, गडचिरोलीच्या होस्टेलात राहून तू बी.एस्सी. करते आहेस, फिजिक्स मेजर घेतलंस आणि आता क्वांटम मेकॅनिक्सचा पेपर समोर येतोय. वरच्या वर्गातल्या मुलींनी तुला आधीच घाबरवून ठेवलंय, असं तुझी आई सांगत होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कॉलेजांमध्ये मी हाच विषय नोकरीभर शिकवला. त्या काळात आमचे पेपर नागपूर विद्यापीठातून यायचे आणि निकालही तिथूनच. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत उभं राहिलं आणि ते अंतर मिटलं. विषय मात्र तोच आहे, मुलं अडतात त्या जागाही त्याच.

अडणारी मुलं मी दोन प्रकारची पाहिली. काही जण सगळी डेरिव्हेशन्स घोकतात. काही जण मोबाइलवर श्रोडिंजरच्या मांजरीचे व्हिडिओ बघत रात्र काढतात आणि विषय फार गूढ आहे असं सांगत फिरतात. दोघांनाही विचार, "एक नॅनोमीटरच्या पेटीत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची सर्वांत कमी ऊर्जा किती?" दोघंही गप्प होतात. वास्तविक हे पाच मिनिटांचं गणित आहे. माझं सांगणं एवढंच, की क्वांटम हा हिशेबाचा विषय आहे. हातानं आकडे मांडत गेलीस की समज मागून येते. समज येईल आणि मग आकडे मांडू, असं म्हणत बसलीस तर सेमिस्टर निघून जातं.

पहिला मंत्र : १२४० हा आकडा जिभेवर ठेव

प्लांकचा स्थिरांक ६.६२६ गुणिले १० चा उणे ३४ वा घात, हे सगळेच पाठ करतात. पण एवढ्या लहान आकड्याशी कोणाची ओळख होत नाही. म्हणून ज्यूल बाजूला ठेव आणि इलेक्ट्रॉनव्होल्ट व नॅनोमीटर या एककांत विचार करायची सवय लाव. प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांचा गुणाकार या एककांत १२४० येतो. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घे, १२४० ला तिनं भाग, की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. मिठाच्या ज्योतीचा पिवळा रंग ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. हायड्रोजनची लाल रेषा ६५६ ची, म्हणजे १.८९. आता बोरच्या सूत्रात दुसरी आणि तिसरी पातळी घालून बघ : १३.६ ला एक चतुर्थांश आणि एक नवमांश यांच्या फरकानं गुणलं तरी १.८९ च येतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, की विषयावर विश्वास बसतो.

हा आकडा घेऊन आपल्या मुलखात फिर. ताडोब्यात वाघ मोजायला झाडांना कॅमेरे बांधतात. जनावराचं अंग साधारण ३१० केल्विन तापमानाचं. वीनच्या नियमानं त्यातून निघणाऱ्या उष्णतेचा जोर ९.३ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. १२४० ला ९३०० नं भाग, ०.१३ इलेक्ट्रॉनव्होल्ट. कॅमेऱ्यातली चिप सिलिकॉनची, तिला इलेक्ट्रॉन उठवायला १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे वाघाच्या अंगाची ऊब त्या चिपला दिसणं शक्यच नाही. म्हणून ऊब ओळखायला वेगळा सेन्सर बसवतात. तो एकेक फोटॉन मोजत नाही, नुसता तापतो. रात्री फोटो काढताना मात्र ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड दिवा लागतो, त्याचे फोटॉन १.३ ते १.५ इलेक्ट्रॉनव्होल्टचे, ते चिपला दिसतात. एका कॅमेऱ्यात तुझा फोटोइलेक्ट्रिक परिणाम, कृष्णपदार्थाचं उत्सर्जन आणि बँडगॅप, तिन्ही धडे आले.

गावात मोबाइल टॉवरच्या किरणांवरून वाद होतो तेव्हाही हाच भागाकार कर. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा फोटॉन एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या लाखाव्या भागाहूनही लहान असतो. रेणूतला बंध तोडायला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. टॉवरची शक्ती वाढवली की फोटॉनांची संख्या वाढते, एकेकाची ऊर्जा वाढत नाही. आइन्स्टाइननं १९०५ साली मांडलेला मुद्दा नेमका हाच. अशा लहरींनी फार तर पदार्थ तापतो, आणि टॉवरसाठीच्या मर्यादा त्या तापण्याचा विचार करूनच घातलेल्या असतात. हे तू आकड्यानिशी सांगू शकलीस, तर पेपरात "तीव्रता आणि वारंवारता यांचा परिणाम स्पष्ट करा" हा प्रश्न तुला कधी जड जाणार नाही.

दुसरा मंत्र : गणिताची उजळणी उन्हाळ्यातच संपव

क्वांटममध्ये नापास होणारी बहुतेक मुलं खरं तर गणितात अडकलेली असतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, घरचे पहाटे जंगलात जातात, तूही हातभार लावशील. पण आपल्याकडच्या उन्हात दुपारी घराबाहेर कोणी पडत नाही. त्या दुपारी चार गोष्टी पक्क्या कर.

एक, संमिश्र संख्या : कॉन्जुगेट घेणं, मॉड्युलसचा वर्ग काढणं, आणि ई चा आय-थीटा घात कोसाइन व साइनमध्ये उलगडणं. दोन, साइन वर्गाचं इंटिग्रेशन, खंडशः इंटिग्रेशन आणि गाउसियन इंटिग्रल. तीन, द्वितीय क्रमाचं साधं अवकल समीकरण. फंक्शनचं दुसरं डेरिव्हेटिव्ह त्याच फंक्शनच्या ऋण पटीत आलं तर उत्तर साइन-कोसाइन, धन पटीत आलं तर वाढणारं किंवा घटणारं एक्स्पोनेन्शियल. इलेक्ट्रॉनची ऊर्जा अडथळ्याहून जास्त असेल तिथं पहिलं, कमी असेल तिथं दुसरं. पेटी, पायरी, भिंत, सगळी गणितं यातूनच निघतात. चार, दोन बाय दोनच्या मेट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू काढणं. ऑनर्सच्या पुढच्या वर्षांत स्पिन येईल तेव्हा याशिवाय पाऊल पुढं पडणार नाही.

ही उजळणी वाचून होत नाही. सोडवलेलं उदाहरण झाकून ठेवायचं, कोऱ्या कागदावर स्वतः सोडवायचं आणि मगच ताडून बघायचं. दुसऱ्याला पोहताना पाहून वैनगंगा पार होत नाही.

तिसरा मंत्र : एकच गणित तळापर्यंत खण

पेटीतला कण, म्हणजे अनंत उंचीच्या दोन भिंतींमध्ये अडकलेला कण, हे या विषयाचं मूळ गणित. बहुतेक विद्यार्थी ऊर्जेचं सूत्र काढून पान उलटतात. तू पान उलटू नको. आठवडाभर याच एका गणितात राहा.

आधी सीमेच्या अटी घाल : भिंतींपाशी साय, म्हणजे कणाचं तरंगफलन, शून्य. प्रयोगशाळेत सोनोमीटरच्या तारेवर तू स्थिर लहरी पाहिल्या आहेस. दोन्ही टोकं बांधलेली, म्हणून ठरावीक लांबीच्या लहरीच टिकतात. इथलं गणित हुबेहूब तेच आहे. ऊर्जेच्या पायऱ्या कुठून आल्या याचं उत्तर याच दोन अटींत आहे. मग साय नॉर्मलाइज कर. आता आकडे घाल. एक नॅनोमीटरच्या पेटीत इलेक्ट्रॉनची पहिली पातळी ०.३७६ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. पेटी दहापट लहान कर, ऊर्जा शंभरपट वाढून ३७.६ होते. कोंडलं की ऊर्जा वाढते, ही गोष्ट इथं आकड्यात दिसते.

आता इलेक्ट्रॉनऐवजी तांदळाचा दाणा घे. वीस मिलिग्रॅमचा दाणा, दहा सेंटिमीटरची पेटी. सूत्र तेच. सर्वांत खालच्या पातळीशी जुळणारा वेग येतो सेकंदाला १.७ गुणिले १० चा उणे २८ वा घात मीटर. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. तेवढ्या काळात हा दाणा या वेगानं एका अणूच्या रुंदीइतकाही सरकणार नाही. क्वांटमचे नियम दाण्याला लागू नाहीत असं कोणी म्हणालं तर हा हिशेब दाखव. नियम लागू आहेत, परिणाम मोजता येण्याच्या पलीकडे लहान आहे.

पुढं जा. पहिल्या पातळीत इलेक्ट्रॉन पेटीच्या मधल्या अर्ध्या भागात सापडण्याची शक्यता काढ. घाईत ५० टक्के म्हणशील. इंटिग्रेशन केलंस तर जवळपास ८२ टक्के येते. दुसऱ्या पातळीसाठी काढ, तिथं बरोबर ५० येते. का, ते आकृती काढून बघ. मग स्थानाची अनिश्चितता आणि संवेगाची अनिश्चितता स्वतंत्र काढून गुणाकार कर. एच-बारच्या ०.५६८ पट येईल, किमान मर्यादा ०.५ पट आहे. हायझेनबर्गचं तत्त्व वहीत उतरवून घेणं वेगळं आणि स्वतःच्या उत्तरानं ते पाळलेलं बघणं वेगळं.

एवढं झालं की भिंतीची उंची मर्यादित कर आणि टनेलिंगकडे वळ. एक नॅनोमीटर जाडीचा, इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेहून एक इलेक्ट्रॉनव्होल्टनं उंच अडथळा घेतलास, तर पार जाण्याचा एक्स्पोनेन्शियल घटक लाखात साडेतीन येतो. जाडी दुप्पट कर, तो थेट अब्जात एकाच्या घरात जातो. १९२८ साली गॅमोनं अल्फा किरणोत्सर्गाचं कोडं याच गणितानं सोडवलं. बिनिंग आणि रोरर यांनी १९८१ मध्ये केलेला स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप याच तीव्र उतारावर चालतो : सुईचं टोक ०.१ नॅनोमीटर मागं सरलं की प्रवाह साधारण आठ-दहापट घटतो, म्हणून एकेक अणूचा उंचवटा कळतो. आणि २०२५ चं भौतिकीचं नोबेल क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळालं, ते हातात धरता येईल अशा विद्युत परिपथात टनेलिंग आणि ऊर्जेच्या पायऱ्या दाखवल्याबद्दल. शंभर वर्षं होत आली तरी या गणितातून नवं निघतंच आहे.

चौथा मंत्र : प्रयोगाचं रीडिंग उतरवू नको, घे

प्रॅक्टिकलला एलईडीवरून प्लांकचा स्थिरांक काढायचा प्रयोग असतो. तो घरीही होतो : वेगवेगळ्या रंगांचे चार-पाच एलईडी, एक पोटेन्शियोमीटर, एक संरक्षक रेझिस्टर, बॅटरी आणि मल्टिमीटर. दिवा काळ्या कागदाच्या नळीत ठेव आणि अंधारात, व्होल्टेज हळूहळू वाढवत, पहिली चमक कधी दिसते ते टीप. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक दिव्यातून एकच ठरावीक सूक्ष्म प्रवाह जाईल तेव्हाचं व्होल्टेज घे, डोळ्यांचा फरक मध्ये येत नाही. पांढरा एलईडी घेऊ नको. तो आतून निळाच असतो, वर फॉस्फरचा लेप असतो. एका दिव्यावरून स्थिरांक काढू नको. व्होल्टेज आणि वारंवारता यांचा आलेख काढून उतारावरून काढ. एखादा बिंदू, बहुधा हिरव्याचा, रेषेबाहेर पडेल. तो खोडायचा नाही. प्रत्येक रंगाच्या दिव्याचा पदार्थ वेगळा असतो, हे वहीत लिहायचं. तोंडी परीक्षेत परीक्षक त्याच बिंदूवर बोट ठेवतात आणि उत्तर देणाऱ्याला मनापासून मार्क देतात.

सोडियमच्या दिव्यापुढं ग्रेटिंग आणि स्पेक्ट्रोमीटर लावशील तेव्हा स्लिट अरुंद कर आणि दुसऱ्या ऑर्डरपर्यंत दुर्बीण फिरव. पिवळ्या रेषेच्या दोन रेषा होतात, ५८९.० आणि ५८९.६. इलेक्ट्रॉनच्या स्पिनची कहाणी त्या ०.६ नॅनोमीटरच्या फटीत आहे. त्या वेगळ्या दिसायला पहिल्या ऑर्डरमध्ये ग्रेटिंगच्या साधारण हजार रेषा उजळल्या तरी पुरतं. आपल्या प्रयोगशाळेतल्या ग्रेटिंगवर इंचाला पंधरा हजार असतात. तरीही दिसल्या नाहीत तर दोष फोकसचा किंवा स्लिटचा, उपकरण जुनं असल्याचा नव्हे. कॉलेजच्या वेळेबाहेर प्रकाश बघायचा असेल तर जुनी सीडी घे. तिच्यावर मिलिमीटरला ६२५ रेषा बसतात. ट्यूबलाइट आणि एलईडी यांचे वर्णपट शेजारी शेजारी बघ. सूर्याकडे मात्र तिच्यातूनही बघू नको.

पाचवा मंत्र : मोठ्या शब्दांना घाबरू नको, भुलूही नको

"बघणाऱ्याच्या नजरेनं वास्तव बदलतं" असलं वाक्य ऐकलंस की विचार : कुठला प्रयोग, काय मोजलं, आकडा किती आला? मोजमाप म्हणजे उपकरणाशी झालेली भौतिक क्रिया. तिथं मन किंवा इच्छाशक्ती लागत नाही. अनिश्चितता ही उपकरणाच्या ढिसाळपणाची गोष्ट नव्हे. उत्तम उपकरणानंही ती उरते, कारण ती कणाच्या अवस्थेतच असते. इलेक्ट्रॉन "कधी कण, कधी लहर" असं लिहून थांबू नको. साय कशी पसरते ते श्रोडिंजरच्या समीकरणानं काढायचं, कुठं सापडेल ती शक्यता बॉर्नच्या नियमानं सायच्या मॉड्युलसच्या वर्गातून काढायची. हे समीकरण आणि हा नियम १९२६ साली एकामागोमाग आले आणि तुझा पहिला पेपर जवळजवळ पूर्ण त्यांच्यावर उभा आहे. बाजारात क्वांटम नावाची लॉकेटं, पाण्याचे पेले, तपासणी यंत्रं विकणारे भेटतील. त्यांना एककं विचार. एकक सांगता येत नसेल तिथं पैसे द्यायचे नाहीत, हे घरच्यांनाही सांग.

सहावा मंत्र : पुस्तकं क्रमानं वाच

सुरुवात आर्थर बायझरच्या मॉडर्न फिजिक्सपासून कर. गणित हलकं, उदाहरणं भरपूर. त्याच्या जोडीला एच. सी. वर्मा यांचं क्वांटम फिजिक्स चालतं, आपल्या विद्यार्थ्यांच्या शंका त्यांना ठाऊक आहेत. मग आयझबर्ग आणि रेझनिक. ग्रिफिथ्स तिसऱ्या टप्प्यावर. पहिल्याच दिवशी उघडलंस तर दमशील. फाइनमनच्या व्याख्यानांचा तिसरा खंड कॅलटेकच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. त्यातलं दोन फटींच्या प्रयोगाचं पहिलं प्रकरण गणिताशिवाय वाचण्यासारखं आहे. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशनं मोफत आहेत. तुमच्या भागात पावसाळ्यात रस्ता तुटतो, वीज जाते, नेटवर्क जातं. भामरागडच्या पोरांना हे सांगायला नको. म्हणून जे लागेल ते गडचिरोलीत असतानाच उतरवून ठेव आणि कागदावरची वही हीच खरी लायब्ररी समज. गाइड आणि जुने पेपर शेवटच्या महिन्यासाठी ठेव. आधी हातात घेतलेस तर पुस्तक उघडलं जात नाही.

सातवा मंत्र : विचार घरच्या भाषेत, उत्तर पेपरच्या भाषेत

तुझ्या वर्गात कोणी घरी माडिया बोलतं, कोणी गोंडी, कोणी झाडीबोली. वर्गात मराठी, पुस्तकात इंग्रजी. त्यात कमीपणा नाही. एखादी कल्पना मैत्रिणीला घरच्या भाषेत समजावून सांगता आली, तर ती तुला कळली असं समज. नाही आली तर पुन्हा पुस्तकाकडे. मात्र व्याख्या, गृहीतकं आणि प्रयोगाचं वर्णन पेपर ज्या भाषेत लिहायचा त्याच भाषेत, रोज थोडं, हातानं लिही. तिघी-चौघींचा गट कर. दर रविवारी एकीनं फळ्यापाशी उभं राहून एक गणित सोडवायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला "कशावरून?" विचारायचं.

आठवा मंत्र : पेपर लिहिताना

डेरिव्हेशनला हात घालण्याआधी आकृती, गृहीतकं आणि सीमेच्या अटी लिही. मध्ये चूक झाली तरी तेवढे मार्क पदरात पडतात. प्रत्येक गणितात एकक शेवटपर्यंत वागव. उत्तर आलं की त्याचा अंदाज घे : अणूतली ऊर्जा हजारो इलेक्ट्रॉनव्होल्ट आली, किंवा शक्यता एकाहून मोठी आली, तर मागं जा. कॉम्प्टनच्या प्रश्नात ०.००२४३ नॅनोमीटर हा आकडा ध्यानात ठेव; तरंगलांबीतला बदल त्याच्या दुपटीहून जास्त कधीच येत नाही.

नववा मंत्र : पुढची वाट आत्ताच बघून ठेव

नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष ऑनर्सचं आहे. त्यात संशोधनाचा पर्याय हवा असेल तर यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, म्हणून पहिल्या वर्षाच्या मार्कांना हलकं समजू नको. एम.एस्सी.साठी आयआयटीत जायचं तर जॅम परीक्षा; तिच्यात मॉडर्न फिजिक्स असतंच, आणि घोकंपट्टी तिथं चालत नाही. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्यांचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी नियस नावाचा उपक्रम चालतो. त्याची माहिती काढ. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले, २०३०-३१ पर्यंतचं काम आहे. त्याच्या चार केंद्रांपैकी क्वांटम सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. या कामाला पीएच.डी.वाल्यांइतकीच लेझर जुळवणारी, व्हॅक्यूम पंप सांभाळणारी, सर्किट डागणारी माणसं लागतात. म्हणून प्रयोगशाळेतला एकही तास बुडवू नको आणि सोल्डरिंग शिकून घे.

आता पहिला हिशेब देतो. ५४ व्होल्टनं वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनची डी ब्रॉग्ली तरंगलांबी काढ. डेव्हिसन आणि जर्मर यांना १९२७ साली निकेलच्या स्फटिकावरून ०.१६५ नॅनोमीटर मिळाली होती. तुझं उत्तर तिच्यापासून किती टक्के दूर पडतं ते बघ आणि फोन कर. सांगताना एकक आधी सांग, आकडा नंतर.